अर्धा इंच माया

मास्तरांच्या दुकानात एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप मोठ्याने बोलायचं नाही. छातीचं बोला, बाहीचं बोला, खांद्याचं तर खुशाल ओरडून सांगा. कंबर मात्र वहीत गुपचूप लिहायची. कुणी दोन वर्षांपूर्वीची पँट घेऊन आलं आणि "मास्तर, बटण लागत नाही हो," असं ओशाळून म्हणालं, की मास्तर शिवण चाचपून बघायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्याने निकाल द्यायचे, "कापड आटलंय." मग आतली माया सोडून पँट दोन इंच वाढवून द्यायचे. गिऱ्हाईक खूश, मास्तर खूश, बदनाम काय ते बिचारं कापड.

ज्यांनी जन्मात कधी सुईत दोरा ओवला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाहेरून ते दिसत नाही. अंग वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा मोठा. साधारण अर्धा इंच ठेवतात, वाढत्या मुलांना इंचभर. कापडाच्या तुकड्याला हा शब्द ज्याने पहिल्यांदा लावला त्या शिंप्याला मी तरी साष्टांग नमस्कार करतो.

खुद्द मास्तरांचं कापड मात्र अकरा वर्षं आटत होतं. बारा फूट बाय नऊचं दुकान. त्यात कापायचं टेबल, शिलाईचं मशीन, भिंतीवर उभा आरसा आणि पडदा ओढला की कपडे घालून बघायची खोली होणारा एक कोपरा. मास्तर सकाळी नऊला मशीनवर बसायचे ते संध्याकाळपर्यंत. हलायचे फक्त पाय, पायडलवर. पुढे मशीनला मोटर बसवली आणि पायांनाही सुट्टी मिळाली. टेबलाच्या डाव्या खणात सुया आणि उजव्या खणात बिस्किटं. न बघता हात घालायची सवय. कधी चुकून डावीकडे गेला तर बोटाला टोचायचं, आणि मग ते दुःख विसरायला उजवा खण होताच.

गंमत म्हणजे या माणसाचं घरातलं नाव होतं काडी. ताईने ठेवलेलं. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने एकतीस वर्षं पोस्टात घरोघरी पत्रं वाटली. दुपारच्या उन्हात जिने चढणं हाच तिचा धंदा. शहरामागे बसने तासाभरावर एक डोंगर होता. मास्तर सात वर्षांचे असताना वडील दोघांना तिथे पहिल्यांदा घेऊन गेले. त्या वयात मास्तरांची पँट कमरेला दोरीने बांधावी लागायची, आणि ताई वरच्या खडकावरून हाक मारायची, "ए काडी, चल लवकर, वाऱ्याने उडशील!" वडील गेले तरी दोघं दरवर्षी जात राहिली. काडीचं ओंडक्यात रूपांतर झालं तरी ताईने हाक बदलली नाही. भर रस्त्यात ती "ए काडी" म्हणून ओरडायची, एकशे दहा किलोचा एक गृहस्थ "ओ" द्यायचा आणि येणारे-जाणारे हसून बेजार व्हायचे. मास्तरही हसायचे. त्यांना ती हाक मनापासून आवडायची.

नऊ वर्षांपूर्वी ती हाक बंद पडली. त्या डोंगराच्या माथ्याखाली, वीस मिनिटांच्या अंतरावर, दोन प्रचंड खडक एकमेकांकडे झुकलेले आहेत. वाट त्या दोघांच्या मधल्या फटीतूनच जाते, दुसरी नाही. त्या वर्षी मास्तर त्या फटीत अडकले. पुढे सरकेनात, मागे येईनात. मागे माणसांची रांग लागली. कुणीतरी म्हणालं, "तेल आणा रे कुणीतरी," आणि रांग हसली. शेवटी दोघांनी मास्तरांना कमरेच्या पट्ट्याला धरून मागे ओढून काढलं, तेव्हा पँटवरची पट्टा अडकवायची पट्टी टर्रकन फाटली. मास्तर बाजूच्या दगडावर बसून म्हणाले, "ताई, तू जाऊन ये वर."

"नाही," ताई म्हणाली. बस, एवढंच. उतरताना मास्तरांचे पाय लटपटायला लागले तेव्हा तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि बस थांब्यापर्यंत आणलं. त्या दिवसानंतर तिने त्यांना कधी काडी म्हटलं नाही. "अरे" म्हणायची, "ऐक" म्हणायची. आणि ती स्वतःही पुन्हा डोंगरावर गेली नाही. जुन्या मैत्रिणी बोलवायला आल्या तर सांगायची, "तो येईल तेव्हा जाईन." मास्तरांना कुणी तोंडावर जाडा म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं.

तरी पुढची सहा-साडेसहा वर्षं ते जाडच होत गेले, हेही सांगायला हवं. मनाला लागलं की माणूस लगेच सुधारतो, असं फक्त भाषणात होतं. मनाला लागलं की मास्तर उजवा खण उघडायचे. मध्ये दोनदा त्यांनी नेट लावून वीस-वीस किलो कमी केलं, उत्साहाच्या भरात रोजच्या सगळ्या पँटी कापून बारीक केल्या, आणि वर्षाच्या आत दुप्पट वेगाने फुगले. बारीक केलेल्या पँटींचा ढीग मग दुकानातल्या पायपुसण्यांच्या कामी आला.

अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी पडदा ओढला आणि आपल्याच टेपने आपली कंबर मोजली. साठ इंची टेप. माप निघालं अठ्ठावन्न. म्हणजे आणखी दोन इंच आणि टेपच संपली असती. आयुष्यभर ज्या टेपने जगाला मोजलं तिच्यात आपण स्वतः मावणार नाही, या विचाराने त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी मापाची वही उघडली, गिऱ्हाइकाच्या नावापुढे "स्वतः" लिहिलं, कंबर अठ्ठावन्न लिहिली, आणि तारखेच्या रकान्यात, जिथे कपडा कधी देणार ते लिहितात, तिथे काहीच लिहिलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी मशीनची मोटर काढून टाकली आणि पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली. बिस्किटांच्या खणात बटणं भरली. न बघता हात जायचा तेव्हा मुठीत बटणं यायची. मास्तर त्यांच्याकडे थोडा वेळ बघत बसायचे आणि परत ठेवून द्यायचे. काय खायचं आणि काय नाही ते डॉक्टरने लिहून दिलेला कागद आरशाला चिकटवला. दुकानात जाताना चालत, येताना चालत. आधी वाटेत चार बाकांवर बसत, मग दोन, मग एकही नाही. कधी वजन महिनोन् महिने हलायचं नाही, आणि त्या दिवसांत ते घरात इतके चिडचिड करायचे की बायको म्हणायची, "अहो, खा एखादं बिस्कीट, पण माणसात या." त्यांनी खाल्लं नाही. सांगायला सोपं आहे, पण रोज सकाळी उठून तेच, नऊशे दिवस. मला नऊ दिवस जमलेलं नाही, म्हणून मी या माणसाला मानतो. एकशे एकेचाळीस किलोंचे ते चौऱ्याऐंशीचे झाले. कंबर सदतीस.

पण मास्तर स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. पँटी त्यांनी पुन्हा बारीक केल्या, मात्र या खेपेला आतलं कापड कापलं नाही. सगळं दुमडून, चेपून, आत टाचून ठेवलं. तीन-तीन बोटं माया, काही ठिकाणी चार. पुन्हा फुगलो तर? पँट उलटी केली की आत दुसरी पँट लपून बसल्यासारखी दिसायची. त्यांची बायको कपडे वाळत घालताना म्हणायची, "एवढी माया माझ्यावर ठेवली असती ना, तर मी तुमच्याशी दुसऱ्यांदा लग्न केलं असतं."

"अगं, अंगाचा काय भरवसा," मास्तर म्हणायचे.

मग एका बुधवारी ताई दुकानात आली. स्टुलावर बसताना तिने टेबलाचा आधार घेतला. "पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन," ती म्हणाली. "नवीन बसवणार. घरात चाल, बाजारात जा, पण डोंगराचं नाव काढायचं नाही म्हणतो डॉक्टर." ती हे पत्र वाचून दाखवावं तसं सांगत होती. मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. नऊ वर्षं ती आपल्यासाठी थांबली, आणि आता थांबायलाही वेळ उरला नव्हता.

"या रविवारी जाऊ," मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"वर."

ताईने त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "फटीच्या पलीकडे?"

"पलीकडे."

शनिवारी मास्तरांनी ट्रंकेच्या तळातून ती डोंगराची पँट काढली. जाड, दणकट कापड, त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेली, फाटलेल्या पट्टीसकट. कंबर पन्नास. ती सदतीसवर आणायची म्हणजे तेरा इंच आत ढकलायचे. बायको म्हणाली, "कापा की सरळ. नाहीतर नवी शिवा." मास्तर म्हणाले, हे कापड आता मिळत नाही. आणि तेरा इंच कापड त्यांनी बाजूच्या शिवणीत, मागच्या शिवणीत आणि मांड्यांच्या आतल्या शिवणीत थोडं थोडं दुमडून, आडवे-उभे टाके घालून पक्कं करून टाकलं. नवशिक्याने असं काही केलं असतं तर मास्तरांनी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. चालताना मांडीला मांडी घासते आणि तिथे चार पदरी जाड कापड ठेवलं तर काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण भीतीपुढे हुशारी चालत नाही.

पहिल्या बसने दोघं पायथ्याशी उतरली. झाडीतला चढ मास्तर असा चढले की ताई बघत राहिली. दम लागत होता, पण तो ओळखीचा होता, झेपणारा होता. ताई काठी टेकत, प्रत्येक पायरीला ओठ आवळत मागून येत होती आणि मास्तर मध्ये मध्ये थांबून बुटाची नाडी बांधायचं नाटक करत होते, म्हणजे तिला तिच्यासाठी थांबलोय असं वाटू नये. एकतीस वर्षं पत्रं वाटलेल्या बाईला असली नाटकं कळत नाहीत असं त्यांना वाटत होतं.

झाडी संपली आणि सुट्या दगडांचा चढ लागला तेव्हा मांड्या चुरचुरायला लागल्या. मग जळायला लागल्या. अर्ध्या तासात मास्तर पाय फाकून चालायला लागले.

"बदकासारखा का चालतोयस?" ताईने मागून विचारलं.

"वाट अशीच आहे."

"वाट अशीच असती तर मी पण बदक झाले असते. थांब. बघू." तिने बघितलं. खाकी कापडावर आतल्या बाजूने रक्ताचे दोन डाग उमटले होते. ताईने घड्याळ बघितलं. अकरा वाजत आले होते. खाली परतीची शेवटची बस पाचची. ती काहीच रागावली नाही, आणि तेच वाईट होतं. तिने काठी वळवली आणि खालच्या वाटेकडे तोंड केलं. "चल. इथवर आलास ना, पुष्कळ झालं."

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या "नाही"चाच तो आवाज होता. मास्तरांनी तो लगेच ओळखला. आज खाली उतरलो तर ताई पुन्हा कधीच वर जाणार नाही, आणि त्याला कारण गुडघा नाही, डॉक्टर नाही. कारण आपल्या मांडीतलं तीन बोटं कापड. मास्तरांना स्वतःचा असा संताप आला की त्यांनी पिशवीतून सुई-दोरा-कात्रीचा डबा काढला आणि ते एका मोठ्या खडकामागे गेले.

पँट काढून, उलटी करून, ते बोचऱ्या दगडावर नुसत्या चड्डीवर बसले. आधी टाके उसवले. घडी मोकळी झाली. मग कात्री हातात घेतली, आणि ती हातातच राहिली. हे कापलं की संपलं. मग ही पँट कधीच पन्नास होणार नाही. मग पुन्हा फुगलो तर "कापड आटलं" म्हणायचीही सोय नाही. ज्या हाताने हजारो पँटी कापल्या तो एका घडीपुढे अडला होता.

"अरे, काय करतोयस तिकडे?" खडकापलीकडून ताई ओरडली.

"माया कापतोय."

कपड्यांतलं तिला काही कळत नसे, पण माया म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. भावाने शिवलेलीच पोस्टाची खाकी तिने आयुष्यभर घातली होती. मग तिने विचारलं, "सगळी?"

मास्तर विचारात पडले. सगळी कापली तर शिवण टिकत नाही. "अर्धा इंच ठेवतो," ते म्हणाले. "सगळ्यांना ठेवतो तेवढी."

"मग काप की. वाट कसली बघतोस?"

आणि मास्तरांनी कापली. मांडीची आतली शिवण वरपासून खालपर्यंत, एक पाय, मग दुसरा. कात्री एकदा चालायला लागल्यावर हात अडला नाही. ते गिऱ्हाइकाचं काम झालं, आणि गिऱ्हाइकाचं काम मास्तरांनी कधी बिघडवलेलं नव्हतं. कडा झरझर टाचून घेतल्या. पायाइतक्या लांब, दोन-तीन बोटं रुंद, दणकट अशा पट्ट्या निघाल्या. चांगलं कापड फेकायचा हात शिंप्याला नसतो; त्यांनी त्या गुंडाळून खिशात घातल्या. ताईने मलमाची डबी खडकावरून फेकली ती बरोबर त्यांच्या डोक्यावर पडली. दहा मिनिटांनी मास्तर बाहेर आले ते माणसासारखे चालत.

फटीपाशी पोचेपर्यंत साडेबारा झाले. ते दोन खडक तसेच झुकलेले होते. मास्तरांनी पिशवी काढून हातात घेतली, आडवे झाले, पोट आत ओढलं, श्वास रोखला, डोळे घट्ट मिटले आणि पाठ घासत घासत, बोटांनी चाचपत, आत शिरले. एक पाऊल, दोन पावलं, दहा. दगड काही लागेना. डोळे उघडले तर ते फटीच्या पलीकडे उघड्यावर उभे होते, अजूनही आडवे, अजूनही पोट आत ओढून.

मागून ताई काठी टेकत आरामात सरळ चालत आली. तिला हसू आवरेना. एका हाताने गुडघा आणि एका हाताने पोट धरून ती हसत होती. "अरे, खेकड्या! सरळ ये की. दोन माणसं जातील एवढी जागा आहे."

मास्तरांनी मागे वळून बघितलं. खरंच जागा होती. ते परत फटीतून अलीकडे आले, पिशवी पाठीला लावली, आणि पुन्हा आत शिरले, या वेळी सरळ, डोळे उघडे ठेवून, हात दोन्ही बाजूंना सोडून. मधोमध पोचल्यावर त्यांनी दोन्ही खडकांवर एकेक तळवा टेकवला आणि क्षणभर तिथेच उभे राहिले. मग त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

माथ्यावर ढग होते. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. वडिलांच्या वेळी होता तो गंजका लोखंडी खांब, वारा, आणि बसायला एक सपाट दगड. दोघांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. ताई खांबाला पाठ टेकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मास्तरांना नजर हटवता येत नव्हती. "काय दिसतंय गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "पण काय छान दिसतंय."

उतरताना फटीतच घोळ झाला. ताईचा उजवा गुडघा अचानक वाकला, तिने खडक धरला आणि काठी हातातून सुटली. ती खडखडत खडकाखालच्या भगदाडात गेली आणि खोल कुठेतरी पडल्याचा आवाज आला. मास्तरांनी ताईला बाहेर आणून दगडावर बसवलं. नऊ वर्षांपूर्वी ते स्वतः बसले होते तोच दगड. गुडघा डोळ्यांदेखत सुजत होता.

मास्तर तिच्यासमोर खाली बसले आणि खिशातून पट्ट्या काढल्या. जाड, न ताणणारं कापड. यासाठी मुद्दाम शोधलं असतं तरी याहून चांगलं मिळालं नसतं. गुडघ्याखालून सुरुवात करून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, त्यांनी गुडघा घट्ट बांधला. दुसरी पट्टी पहिलीवर. मग सुई काढून टोक टाचून टाकलं, आतून गाठ, बाहेरून टाका दिसणार नाही असं. ताई त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघत होती.

"ही तीच का? मघाची?"

"तीच."

"फुगलास तर लागेल म्हणून ठेवली होतीस."

"हो," मास्तर म्हणाले. "फुगलं खरं. तुझा गुडघा."

ताई उठली. पाय टेकून बघितला, धरत होता. सवयीने तिने बाजूला हात पुढे केला आणि मग तिच्या लक्षात आलं. "काठी गेली ना रे."

मास्तरांनी खांदा तिच्या हाताखाली आणला. "काठी गेली," ते म्हणाले. "काडी आहे. चालेल?"

ताईने मान वळवली. आधी तिने त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला, मग हळूहळू सगळा भार टाकला. खांदा हलला नाही.

"चल, काडी," ती म्हणाली. "बस चुकेल."